आउटलुकमध्ये कामांची बांधणी: फोल्डर कमी, कॅटेगरी जास्त

आउटलुक उघडलं की बहुतेक जण थेट इनबॉक्समध्ये शिरतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतात. कॅलेंडर उघडायचं ते कुणी मीटिंगचं आमंत्रण धाडलं तरच, आणि टास्क नावाचा विभाग तर कित्येकांनी एकदाही पाहिलेला नसतो. खरं तर १९९७ साली ऑफिस ९७ बरोबर आउटलुक आलं तेव्हापासून मेल, कॅलेंडर, संपर्क आणि टास्क एकाच छताखाली नांदताहेत. त्यांची गाठ एकमेकांशी कशी मारायची, ते मात्र ऑफिसात कुणी शिकवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेल, टास्क, अपॉइंटमेंट आणि संपर्क या चारही ठिकाणी सारखीच लावता येईल अशी आउटलुकमध्ये एकच सोय आहे: रंगीत कॅटेगरी. फोल्डरमध्ये मेल जातो, पण त्या मेलमधून निघालेलं काम आणि त्या कामाची बैठक तिकडे जात नाही. म्हणून प्रकल्पाची मांडणी कॅटेगरीवर करायची. पुढचं सगळं याच पायावर उभं आहे.

उदाहरणासाठी एका छोट्या कर सल्लागाराचं ऑफिस घेऊ. तीन-चार माणसं, भरपूर क्लायंट, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखा डोक्यावर: ७ ला टीडीएसचा (कापून घेतलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचं एकत्रित जीएसटी विवरण). त्यात मध्येच कुणाची नोटीस येते, कुणाला कंपनी काढायची असते, कुणाचं बँकेचं कर्जप्रकरण असतं. दरमहा फिरून येणारं काम आणि एकदाच करून संपणारं काम अशी दोन्ही इथे एकत्र आहेत, म्हणून हे उदाहरण सोयीचं. तुम्ही आर्किटेक्ट असाल, प्रकाशनगृहात असाल किंवा सॉफ्टवेअर कंपनीत, तर नावं तेवढी बदला.

आधी खातं कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा

हा टप्पा गाळू नका. इथे सांगितलेल्या पायऱ्या विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकसाठी आहेत. फाइल → अकाउंट सेटिंग्ज मध्ये जाऊन तुमच्या खात्यासमोर काय लिहिलंय ते वाचा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंज असेल तर उत्तम. कॅटेगरी, टास्क, कॅलेंडर सगळं सर्व्हरवर राहतं, घरच्या लॅपटॉपवरही तेच दिसतं.

आयमॅप असेल, म्हणजे होस्टिंगवाल्याकडून घेतलेला स्वस्तातला मेलबॉक्स असेल, तर दोन अडचणी येतात. मेलवर रंगीत कॅटेगरी लावता येत नाही, आणि फ्लॅगला तारीख किंवा आठवण जोडता येत नाही. टास्क आणि कॅलेंडर चालतात, पण ते ‘फक्त या संगणकावर’ अशा फोल्डरमध्ये साठतात. संगणक गेला की यादीही गेली. अशा वेळी मेल जिथे आहे तिथेच ठेवा, प्रकल्पाची बांधणी फक्त टास्क आणि कॅलेंडरवर करा, आणि महिन्यातून एकदा फाइल → ओपन अँड एक्सपोर्ट → इम्पोर्ट/एक्सपोर्ट मधून पीएसटी फाइल (आउटलुकच्या डेटाची प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. कामाचा व्याप मोठा असेल तर सरळ खातंच बदलणं शहाणपणाचं.

फोल्डरचा पसारा आवरा

ज्यांच्या आउटलुकमध्ये डाव्या बाजूला पन्नास फोल्डर असतात त्यांना कुठला मेल कुठे ठेवला हे आठवत नाहीच. ते शेवटी सर्चमध्येच नाव टाइप करतात. मग फोल्डर करण्यात वेळ घालवायचा कशाला? एक मेल दोन कामांचा असला की फोल्डरची पंचाईत होते, हे वेगळंच.

दोन जागा पुरतात: इनबॉक्स आणि अर्काइव्ह. इनबॉक्समध्ये ज्यांच्याबद्दल अजून काही ठरवलेलं नाही तेवढेच मेल ठेवायचे. ठरवलं की मेल निवडून बॅकस्पेस दाबा, तो अर्काइव्हमध्ये जातो. पहिल्यांदा आउटलुक विचारेल कुठला फोल्डर वापरू, तेव्हा आहे तोच ठेवा. जुने फोल्डर मोडायची गरज नाही. नवे करू नका म्हणजे झालं.

एक नियम मात्र जरूर करा. ज्या मेलमध्ये तुम्ही फक्त सीसीमध्ये आहात ते आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या: होम → रूल्स → मॅनेज रूल्स → न्यू रूल, आणि अटींमध्ये ‘माझं नाव सीसीच्या चौकोनात’ ही अट निवडा. माहितीसाठी पाठवलेले मेल दिवसातून एकदा चाळले तरी कुणाचं काही अडत नाही.

कॅटेगरी: कशाची करायची, कशाची नाही

होम → कॅटेगराइज → ऑल कॅटेगरीज. ‘रेड कॅटेगरी’, ‘ब्लू कॅटेगरी’ अशी बिनकामाची नावं आधीच असतील, ती काढा किंवा बदला. आउटलुककडे रंग २५ आहेत. कॅटेगरी त्याहून जास्त करता येतात, पण मग रंग पुन्हा पुन्हा येतात आणि डोळ्यांना फरक कळेनासा होतो.

आता महत्त्वाचं. क्लायंटच्या नावाची कॅटेगरी करू नका. क्लायंट वर्षानुवर्षं राहतो, त्याचं नाव मेल पाठवणाऱ्याच्या जागी असतंच, सर्चमध्ये एका झटक्यात सापडतं. कॅटेगरी करायची ती प्रकल्पाची, म्हणजे ज्याला शेवट आहे अशा कामाची. ‘औषध दुकान – जीएसटी नोटीस’ हा प्रकल्प. ‘औषध दुकान’ हा प्रकल्प नव्हे.

नावाच्या सुरुवातीला एक खूण ठेवा म्हणजे प्रकल्प यादीत एकत्र राहतात. मी ‘प’ लावतो: ‘प औषध दुकान नोटीस’, ‘प सोसायटी ऑडिट’, ‘प नवी एलएलपी’. नावात स्वल्पविराम चालत नाही. प्रकल्पांखेरीज दोनच कॅटेगरी करा:

‘@वाट’, म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात आहे. टास्कच्या स्टेटसमध्ये ‘वेटिंग ऑन समवन एल्स’ असा पर्याय असतो, पण तो मेलला लावता येत नाही, म्हणून कॅटेगरीच बरी.

‘@फोन’, म्हणजे फोनवर उरकणारी कामं. दुपारी जेवणानंतर एका बैठकीत सगळे फोन लावून टाकता येतात.

एका टास्कला दोन कॅटेगरी चालतात, प्रकल्पाची एक आणि स्थितीची एक. सध्या हातात असलेल्या चार-पाच प्रकल्पांना शॉर्टकट की द्या, कॅटेगरीच्या त्याच खिडकीत कंट्रोल + एफ२ पासून कंट्रोल + एफ१२ पर्यंतच्या उपलब्ध आहेत. मेल वाचता वाचता बोटांनीच रंग लागतो. प्रकल्प संपला की ती की पुढच्याला.

मेलमधून काम वेगळं काढणं

मेलवर लाल फ्लॅग लावला की काम झालं, असा अनेकांचा समज असतो. फ्लॅग लावलेला मेल टू-डू लिस्टमध्ये दिसतो हे खरं, पण तो टास्क नसतो. त्याचा विषय पाठवणाऱ्याने लिहिलेला असतो, आणि पाठवणारा लिहितो ‘फॉरवर्ड: फॉरवर्ड: अर्जंट’. मेल डिलीट झाला की फ्लॅगही गेला. उत्तर द्यायचं राहिलंय एवढंच लक्षात ठेवायचं असेल तर फ्लॅग ठीक. काम असेल तर टास्क करा.

टास्क करण्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला, मेल ओढून खालच्या किंवा डाव्या पट्टीतल्या टास्कच्या चिन्हावर सोडायचा. नवा टास्क उघडतो, मेलचा मजकूर त्याच्या पोटात येतो. हेच माउसच्या उजव्या बटणाने ओढलंत तर मेनू येतो, तिथे ‘कॉपी हिअर अॅज टास्क विथ अटॅचमेंट’ निवडा. मग मूळ मेल जोडपत्रांसकट टास्कमध्ये बसतो, तिथूनच उघडून उत्तरही देता येतं. नोटिशीची पीडीएफ असलेल्या मेलसाठी हाच रस्ता धरा.

दुसरा रस्ता क्विक स्टेपचा, म्हणजे एका शॉर्टकटमध्ये अनेक कृती बांधण्याचा. आउटलुक २०१० पासून ही सोय आहे आणि दुर्दैवाने फार थोडे लोक वापरतात. होम → क्विक स्टेप्स → क्रिएट न्यू. नाव द्या ‘काम काढा’. पहिली कृती ‘क्रिएट अ टास्क विथ अटॅचमेंट’, दुसरी ‘मार्क अॅज रीड’, तिसरी ‘मूव्ह टू फोल्डर’ आणि फोल्डर अर्काइव्ह. शॉर्टकट द्या कंट्रोल + शिफ्ट + १. आता मेलवर उभं राहून तीन कळा दाबल्या की टास्कची खिडकी उघडते आणि मेल इनबॉक्समधून बाहेर पडतो. आधी मेलला कॅटेगरी लावायची, मग ही क्विक स्टेप चालवायची, आणि उघडलेल्या टास्कलाही तीच कॅटेगरी लागली आहे ना ते पाहायचं. या क्रमाची सवय लावून घ्या.

तिसरा रस्ता कंट्रोल + शिफ्ट + के. आउटलुकमध्ये कुठेही असा, कोरा टास्क उघडतो. हा आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतो, कारण क्लायंट मेल करतच नाहीत. बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, आणि ‘साहेब, मागच्या आठवड्यात बोललो होतो ते बघा ना’ हे फोनवर. आउटलुकला व्हॉट्सअॅप दिसत नाही, म्हणून ते वाचताक्षणी टास्क टाइप करून टाकायचा.

टास्कचं नाव हा खरा कसोटीचा भाग. समजा मेल असा आहे: ‘सर, पोर्टलवर एएसएमटी-१० दिसतेय, काय करायचं?’ ही जीएसटीची छाननीची नोटीस. उत्तराला साधारण ३० दिवस मिळतात. टास्कला ‘औषध दुकान नोटीस’ असं नाव दिलंत तर पुढचे पंधरा दिवस तुम्ही ते नाव वाचाल आणि पुढे सरकाल, कारण त्यातून हाताला काय करायचं ते कळत नाही. असे लिहा:

– पोर्टलवरून नोटीस उतरवून घेणे, उत्तराची मुदत नोंदवणे
– २बी (पुरवठादारांनी पोर्टलवर दाखवलेली आपली खरेदी) आणि ३बी मधला फरक महिनावार एक्सेलमध्ये काढणे
– फरकातल्या पुरवठादारांची यादी क्लायंटला पाठवून बिलं मागवणे
– उत्तराचा मसुदा करणे
– एएसएमटी-११ (नोटिशीच्या उत्तराचा फॉर्म) भरणे, पोचपावती जतन करणे

पाच टास्क, पाचही ‘प औषध दुकान नोटीस’ या कॅटेगरीत. सगळे एकदम लिहायची सक्ती नाही. पुढचं एक पाऊल लिहिलेलं असलं तरी पुरे.

प्रत्येक प्रकल्पाला एक खुंटा

टास्क कॅटेगरीनुसार लावले (व्ह्यू → अरेंजमेंट → कॅटेगरीज) की प्रत्येक प्रकल्पाचा गट तयार होतो. छान दिसतं. पण यात एक खाच आहे. ज्या कॅटेगरीत एकही चालू टास्क नाही तो गट आउटलुक दाखवतच नाही. म्हणजे ज्या प्रकल्पाचं पुढचं पाऊल ठरवायचं राहून गेलं, नेमका तोच प्रकल्प डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. नोटिशीच्या कामात हे महागात पडतं.

उपाय सोपा. प्रकल्प सुरू होताच एक टास्क असा करा की जो प्रकल्प संपेपर्यंत पूर्ण करायचाच नाही. मी त्याला खुंटा म्हणतो. नाव ‘० औषध दुकान नोटीस – खुंटा’. सुरुवातीला शून्य असल्याने विषयानुसार लावलं की गटात सगळ्यात वर राहतो. त्याला तारीख द्यायची नाही, आठवण लावायची नाही. कॅटेगरी फक्त.

या खुंट्याच्या पोटात, म्हणजे टास्कच्या मजकुराच्या जागेत, प्रकल्पाची सगळी कुंडली मांडायची. काय झालं की प्रकल्प संपला म्हणायचं ते एका ओळीत. संदर्भ क्रमांक. सर्व्हरवरच्या फोल्डरची लिंक. कुणाशी बोलायचं त्याचं नाव. त्याखाली तारीखवार नोंदी, ताजी वर: ‘१२ – मुनीमजींशी बोललो, दोन पुरवठादारांची बिलं सापडत नाहीत.’ इन्सर्ट → आउटलुक आयटम मधून महत्त्वाचे मेलही त्यात जोडता येतात. महिन्याभराने क्लायंटचा फोन आला आणि ‘आपलं कुठवर आलं?’ असं त्याने विचारलं, तर हा एक टास्क उघडला की तुम्ही बोलू शकता. ऑफिसातलं दुसरं कुणी तो प्रकल्प हातात घेणार असेल तर त्यालाही हाच पाठवायचा.

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर खुंटा उचला.

तारखा: मुदत लोकांची, सुरुवात आपली

टास्कमध्ये दोन तारखा असतात, स्टार्ट डेट आणि ड्यू डेट. बहुतेक जण ड्यू डेटमध्ये ‘मला हे गुरुवारी करायचंय’ असं टाकतात. गुरुवारी होत नाही, मग शुक्रवार, मग सोमवार. यादी लाल होते आणि हळूहळू लाल रंगाचा धाकच उरत नाही.

म्हणून ड्यू डेट फक्त बाहेरून आलेल्या मुदतीसाठी राखून ठेवा: सरकारची, बँकेची, क्लायंटला दिलेल्या शब्दाची. ती हलत नाही. आपण काम कधी हातात घेणार ते स्टार्ट डेटमध्ये. ती हवी तेवढी हलवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुदत नसलेल्या कामाला स्टार्ट डेट दिली की आउटलुक ड्यू डेटही आपण होऊन भरतं, तिला मुदत समजू नका.

तारखेच्या चौकोनात कॅलेंडर उघडून टिचक्या मारत बसू नका. इंग्रजीत ‘टुमॉरो’, ‘नेक्स्ट फ्रायडे’ असं टाइप केलं तरी आउटलुकला समजतं. आकड्यापुढे दिवसासाठी डी किंवा आठवड्यासाठी डब्ल्यू लावलं तरीही.

आता ‘आज’ नावाचा व्ह्यू बनवू. टास्कमध्ये या (कंट्रोल + ४), मग:

१. व्ह्यू → चेंज व्ह्यू → मॅनेज व्ह्यूज → न्यू. प्रकार टेबल, नाव ‘आज’.
२. फिल्टर → अॅडव्हान्स्ड. फील्डमधून स्टार्ट डेट निवडा, अट ‘ऑन ऑर बिफोर’, किंमत ‘टुडे’. अॅड टु लिस्ट दाबा.
३. त्याच खिडकीत दुसरी अट: कम्प्लीट, ‘इक्वल्स’, ‘नो’. पुन्हा अॅड.
४. सॉर्टमध्ये ड्यू डेट, चढता क्रम.
५. कॉलममध्ये विषय, कॅटेगरी, स्टार्ट डेट, ड्यू डेट एवढेच ठेवा. बाकीचे काढा.

तारीख न दिलेले टास्क आणि खुंटे या व्ह्यूमध्ये येत नाहीत, आणि तेच हवं आहे. सकाळी इथे दहा-बारा ओळींपेक्षा जास्त दिसत असतील तर काहींची स्टार्ट डेट पुढे ढकला. आज होणार नाहीत हे सकाळीच माहीत असेल तर ती कामं आजच्या यादीत कशाला?

फिरून येणारी कामं

२० तारखेची जीएसटीआर-३बी दरमहा लिहायची नाही. टास्क उघडा, रिकरन्स दाबा, मंथली, तारीख २०. पुनरावृत्तीचे दोन प्रकार त्या खिडकीत आहेत आणि त्यांत गल्लत होते. ठरलेल्या तारखेची पुनरावृत्ती म्हणजे सरकारी मुदतीसारखी: तुम्ही १८ ला उरकलंत काय किंवा २० ला, पुढचा टास्क २० लाच. ‘रिजनरेट न्यू टास्क’ म्हणजे काम पूर्ण केल्यापासून अमुक दिवसांनी. डेटाचा बॅकअप, प्रिंटरची सफाई, जुन्या क्लायंटला फोन, अशा कामांना हा दुसरा प्रकार लावा, कारण ती एक आठवडा लांबली तर पुढचीही तेवढीच लांबली पाहिजेत.

आउटलुकचा आणखी एक स्वभाव. फिरून येणाऱ्या टास्कचा एका वेळी एकच नमुना यादीत असतो. चालू महिन्याचा पूर्ण केला की मगच पुढच्या महिन्याचा जन्माला येतो. त्यामुळे ‘पुढच्या तीन महिन्यांत काय काय आहे’ हे टास्कच्या यादीत दिसणारच नाही. वर्षाचं चित्र हवं तर ते कॅलेंडरमध्ये मांडावं लागतं, त्याकडे येतोच.

अपवाद हाताने सांभाळा. खासगी आस्थापनांना मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरता येतो, म्हणून एप्रिलमधल्या टास्कची तेवढी तारीख बदला. फक्त त्या एका वेळेपुरती बदलते, पुढची मालिका तशीच राहते. मुदतवाढ जाहीर झाली तरी हेच करायचं.

कॅलेंडरमध्ये काय टाकायचं

जे ठरल्या वेळीच होतं ते. बैठक, सुनावणी, डॉक्टरांची वेळ. ‘वेळ मिळेल तेव्हा करू’ असलं काम कॅलेंडरवर टाकलं की ते कॅलेंडर खोटं बोलायला लागतं, आणि एकदा त्याच्यावरचा विश्वास उडाला की खरी बैठकही चुकते.

मुदतींसाठी वेगळं कॅलेंडर काढा: कॅलेंडरमध्ये (कंट्रोल + २) माय कॅलेंडर्सवर उजवं बटण, न्यू कॅलेंडर, नाव ‘मुदती’. त्यात ७, ११, १५, २० या तारखा दिवसभराच्या घटना म्हणून दरमहा पुनरावृत्तीने टाका. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च, हे वार्षिक पुनरावृत्तीने. मग त्या कॅलेंडरच्या टॅबवरचा छोटा बाण दाबला की ते तुमच्या मुख्य कॅलेंडरवर पारदर्शक कागदासारखं चढतं. नको तेव्हा टिचकीसरशी बाजूला. दिवसभराच्या घटनेला आउटलुक आपण होऊन १८ तासांची आठवण लावतं. म्हणजे ती आदल्या दिवशी पहाटे सहाची होते, तुम्ही आउटलुक उघडाल तेव्हा समोर येते. मुदतींना ती दोन-तीन दिवसांवर न्या.

सुट्ट्यांचंही तसंच. फाइल → ऑप्शन्स → कॅलेंडर → अॅड हॉलिडेज मधून इंडिया निवडता येतं, पण राज्याच्या आणि तुमच्या ऑफिसच्या सगळ्या सुट्ट्या त्यात असतीलच असं धरून चालू नका. आपली यादी आपणच भरलेली बरी. गणपतीत ऑफिस किती दिवस अर्धवट भरतं हे मायक्रोसॉफ्टला कळणार नाही, आणि ११ व २० तारखा नेमक्या त्यातच येऊ शकतात.

मोठं काम असेल, समजा २बी-३बीचा ताळमेळ, ज्याला सलग दोन तास लागणार, तर त्याला कॅलेंडरवर जागा द्या. व्ह्यू → डेली टास्क लिस्ट → नॉर्मल केलं की दिवसाच्या किंवा आठवड्याच्या दृश्यात कॅलेंडरच्या खाली टास्कची पट्टी येते. तिथून टास्क उचलून वर मंगळवारी अकराच्या रकान्यात सोडा, अपॉइंटमेंट तयार. मूळ टास्क जागेवरच राहतो, तो काम झाल्यावर वेगळा पूर्ण करायचा. आठवड्यात अशा दोन-तीन जागा अडवल्या तर पुरे, पूर्ण आठवडा विटा रचल्यासारखा भरू नका. आपल्याकडे माणूस न सांगता ऑफिसात येतो आणि त्याला चहा द्यावाच लागतो.

मेलवर बैठक ठरवायची असेल तर उत्तर टाइप करत बसू नका. मेल निवडून कंट्रोल + ऑल्ट + आर. मेलमधली माणसं आमंत्रितांत येतात, मजकूर खाली येतो.

परदेशातल्या क्लायंटशी काम असेल तर फाइल → ऑप्शन्स → कॅलेंडर → टाइम झोन्स मध्ये दुसरी घड्याळवेळ लावा. न्यू जर्सीतला भाचा त्याच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्याचं विवरण करून घेत असेल, तर उन्हाळ्यात तो आपल्याहून साडेनऊ तास मागे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हा फरक बदलतो तेव्हा तोंडी ठरवलेल्या वेळा हमखास चुकतात. आमंत्रण पाठवलेलं असेल तर चुकत नाहीत.

दुसऱ्यावर सोपवलेलं काम

आउटलुकमध्ये ‘असाइन टास्क’ असं बटण आहे. कागदावर छान वाटतं: टास्क सहकाऱ्याला पाठवा, त्याने स्वीकारला की प्रगती तुम्हाला कळत राहील. प्रत्यक्षात समोरच्यानेही आउटलुकचे टास्क शिस्तीने वापरले पाहिजेत, आणि क्लायंट तर ते वापरणारच नाही. मी त्याच्या वाट्याला जात नाही.

त्याऐवजी काम सोपवणारा मेल लिहिताना, पाठवण्याआधी, मेसेज टॅबमधल्या फॉलो अप मधून स्वतःसाठी तारखेचा फ्लॅग लावा. पाठवलेल्या प्रतीवर तो राहतो आणि त्या तारखेला टू-डू लिस्टमध्ये वर येतो. मोठ्या कामासाठी ‘@वाट’ कॅटेगरीचा टास्क करा आणि नावातच माणूस व दिवस लिहा: ‘मुनीमजी – राहिलेली सात बिलं – ९ ला मागितली’. स्टार्ट डेट म्हणजे पुन्हा आठवण करून द्यायचा दिवस. तो दिवस उजाडला की टास्क आपसूक ‘आज’मध्ये येतो आणि तुम्ही फोन उचलता.

प्रकल्पाचे मेल एकत्र पाहणं

मेल अर्काइव्हमध्ये टाकले, आता प्रकल्पाचे सगळे एकत्र कसे पाहायचे? त्यासाठी सर्च फोल्डर. कंट्रोल + शिफ्ट + पी, यादीत ‘कॅटेगराइज्ड मेल’, खाली चूज मधून प्रकल्पाची कॅटेगरी निवडा. हा खरा फोल्डर नाही, मेल जिथे आहेत तिथेच राहतात. इनबॉक्स, अर्काइव्ह, पाठवलेले, सगळीकडचे त्या रंगाचे मेल इथे एका जागी दिसतात. फेव्हरिट्समध्ये टाकून ठेवा. सर्च फोल्डर डिलीट केला तरी मेलला धक्का लागत नाही. त्यातला एखादा मेल डिलीट केलात तर मात्र तो खरोखरच जातो.

शुक्रवारचा अर्धा तास

ही बैठक स्वतःशीच आहे, तिला कॅलेंडरवर पुनरावृत्तीची जागा द्या. टास्क कॅटेगरीनुसार लावा आणि वरून खाली या. ज्या गटात खुंट्याशिवाय काही नाही तो प्रकल्प अडलेला आहे. पुढचं पाऊल लिहा, किंवा खरंच काही करायचं नसेल तर प्रकल्प बंद करा. ज्यांना स्टार्ट डेट नाही त्यांच्यातले पुढच्या आठवड्याचे निवडून तारीख द्या. ‘@वाट’ गट चाळा. मग कॅलेंडर पुढचे दोन आठवडे बघा, ‘मुदती’ चढवून. इनबॉक्स रिकामा नसला तरी चालेल. यादी खरी असली पाहिजे.

प्रकल्प संपल्यावर, आणि नव्या आउटलुकबद्दल

खुंट्यावर ‘मार्क कम्प्लीट’. सर्च फोल्डर काढा. कॅटेगरी मुख्य यादीतून डिलीट केली तरी जुन्या मेल-टास्कवरचं तिचं नाव पुसलं जात नाही, फक्त रंग जातो. पुढल्या वर्षी त्याच दुकानाला पुन्हा नोटीस आली तर सर्चमध्ये ते नाव टाकून जुनं सगळं सापडतं.

वरच्या कोपऱ्यात नव्या आउटलुककडे नेणारं एक बटण दिसत असेल. ते दाबण्याआधी इतकं लक्षात घ्या: तिथे जुन्या टास्कची जागा मायक्रोसॉफ्ट टू डू ने घेतली आहे. एक्स्चेंजवरचे तुमचे टास्क त्यात दिसतील, कॅटेगरी आणि ड्यू डेटही. स्टार्ट डेट दिसत नाही, म्हणून आपला ‘आज’ व्ह्यू तिथे चालत नाही. त्याऐवजी ‘माय डे’ आहे, जो रोज रात्री रिकामा होतो आणि सकाळी हाताने भरावा लागतो. खुंटा मात्र तिथेही तसाच काम करतो, त्याचा मजकूर नोंदीच्या जागेत राहतो. क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. तेव्हा घाई नाही, पण नवा प्रकल्प सुरू करताना दोन्हीकडे दिसतील अशाच गोष्टींवर, म्हणजे कॅटेगरी, ड्यू डेट आणि खुंट्यावर, जास्त भिस्त ठेवा.